प्रपंच आणि रिंगण

एखाद्या छंदाचें वेड आणि नीटनेटका प्रपंच हीं दोन एका घरांत फार दिवस नांदत नाहींत, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. आणि ती अगदींच निराधार आहे असें कोणास म्हणतां येईल? बुद्धिबळाच्या डावापायीं घरच्या चुलीचा विसर पडलेले गृहस्थ, नाटकमंडळीच्या नादीं लागून वतन घालवून बसलेले तरुण, यात्रेंतील गाड्यांच्या शर्यतीसाठीं बैलांस खुराक चारून घरच्या पोरांस कण्यांवर ठेवणारे शेतकरी, यांच्या कथा आपण ऐकत आलों आहों. वेड खरें असेल तर माणूस घराचा राहत नाहीं, आणि घराचा राहिला तर तें वेड खरें नव्हे, असा जणूं एक नियमच आपण मानून चाललों आहों. या नियमाला अपवाद असूं शकतो, आणि अशा अपवादाची इतिहास मोठी चमत्कारिक किंमत करतो, हें ज्यावरून दिसतें असें एक चरित्र अमेरिकेंतील उत्तर कॅरोलिना संस्थानांत घडून गेलें. त्या चरित्राचा नायक राल्फ अर्नहार्ट. हा गृहस्थ प्रथम कापडाच्या गिरणींत मजूर होता. पुढें मोटारींच्या शर्यती हाच त्याचा चरितार्थ झाला. आणि वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षीं, २६ सप्टेंबर १९७३ रोजीं, हृदयविकारानें त्याचा अंत झाला.

त्याचें नांव आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या कानांवर आलें असेल, आणि त्यांत नवल नाहीं. ज्या खेळांत त्याचें आयुष्य गेलें तो खेळ इकडे रुजलेला नाहीं. आणि ज्या रिंगणांत तो गाजला तीं बहुतेक त्याच्या घरापासून एका रात्रींत जाऊन परत येण्याच्या अंतरावरचीं होतीं. देशव्यापी कीर्तीच्या मापानें मोजूं गेलें तर त्याचा हिशेब चटकन् आटोपतो: वरिष्ठ वर्गाच्या शर्यती ५१, विजय एकहि नाहीं. असें असतांहि १९९८ सालीं या खेळाच्या मध्यवर्ती संस्थेनें आपल्या पन्नास वर्षांतील पन्नास श्रेष्ठ चालक निवडले, तेव्हां त्यांत राल्फची गणना झाली. हें कोडें उलगडावयाचें तर आधीं तो खेळ, मग तें गांव, आणि शेवटीं तो माणूस, अशा क्रमानें जाणें सोयीचें होईल.

'स्टॉक कार' म्हणजे दुकानांत विक्रीस ठेवलेली, नित्याच्या वापराची साधी मोटार. शर्यतीसाठीं मुद्दाम घडविलेल्या, उघड्या चाकांच्या हलक्या गाड्या हा धनिकांचा खेळ. साध्या मोटारींची शर्यत ही मात्र अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतल्या सामान्य लोकांनीं वाढविली. तिचा उगम फारसा सोज्ज्वळ नाहीं. उत्तर कॅरोलिनांत दारूबंदी १९०९ सालींच अमलांत आली. सबंध देशांत ती १९२० पासून १९३३ पर्यंत होती. डोंगराळ भागांतले शेतकरी मक्याची चोरटी दारू गाळीत, आणि ती रातोरात शहरांत पोंचविण्याचें काम तरुण मोटारवाले करीत. राष्ट्रीय बंदी उठल्यावरहि कर चुकविलेल्या स्वस्त दारूला गिऱ्हाईक होतेंच. पाठलाग करणाऱ्या सरकारी गाडीच्या पुढें राहावयाचें, म्हणून वरून साधी दिसणारी मोटार आंतून सुधारून घ्यावयाची. यंत्राची शक्ति वाढवावयाची. दारूच्या ओझ्यानें गाडी मागें दबून संशय येऊं नये म्हणून मागच्या कमानी ताठ करावयाच्या. १९३२ सालीं फोर्ड कंपनीनें आठ नळकांड्यांचें स्वस्त यंत्र बाजारांत आणलें, तें या धंद्याच्या पथ्यावरच पडलें. रात्रीं दारू वाहणारे हे तरुण दिवसा कोणाची गाडी अधिक पळते यावर पैजा मारूं लागले. शेतांतून फेऱ्या मारतां मारतां मातीचीं रिंगणें तयार झालीं, आणि रिंगणाभोंवतीं प्रेक्षक जमूं लागले.

या पसाऱ्यास शिस्त लावण्याचें काम बिल फ्रान्स या गृहस्थानें केलें. डिसेंबर १९४७ मध्यें फ्लॉरिडांतील डेटोना बीच येथें एका हॉटेलांत त्यानें या धंद्यांतील लोकांची बैठक भरविली, आणि फेब्रुवारी १९४८ मध्यें 'नॅस्कार' ही संस्था रीतसर स्थापन झाली. १९ जून १९४९ रोजीं शार्लट येथील मातीच्या रिंगणांत केवळ साध्या मोटारींची अशी तिची पहिली शर्यत झाली. तींत ग्लेन डनअवे पहिला आला. पण तपासणींत त्याच्या गाडीच्या मागच्या कमानी दारूवाल्यांच्या पद्धतीनें ताठ केलेल्या आढळल्या, आणि विजय त्याच्याकडून काढून जिम रोपर यास देण्यांत आला. खेळाला सभ्य समाजांत प्रवेश मिळवावयाचा, तर आपलें कूळ असें पहिल्याच दिवशीं नाकारणें भाग होतें.

वरिष्ठ वर्गाच्या खालीं नॅस्कारनें आणखीहि वर्ग ठेवले. त्यांतला 'स्पोर्ट्समन' वर्ग १९५० सालापासून सुरू झाला. त्यांत जुन्या, घरच्या घरीं सुधारलेल्या मोटारी चालत, आणि शर्यती गांवोगांवच्या अर्धा मैल किंवा त्याहूनहि लहान रिंगणांत, बहुधा शुक्रवारीं व शनिवारीं रात्रीं, होत. निरनिराळ्या रिंगणांत मिळविलेले गुण देशाच्या एकूण हिशेबांत धरले जात. म्हणून घरापासून फार दूर न जातांहि एखाद्या कुशल चालकास राष्ट्रीय अजिंक्यपदाची आशा बाळगतां येत असे. राल्फ अर्नहार्टचें खरें कार्यक्षेत्र हेंच होतें.

आतां त्याचें गांव. शार्लटच्या ईशान्येस सुमारें २५ मैलांवर असलेलें कनॅपोलिस हें गांव जेम्स विल्यम कॅनन या गिरणीमालकानें १९०६ सालीं शेतजमिनी विकत घेऊन वसविलें. १९०८ पासून तेथें टॉवेल विणले जाऊं लागले, आणि पुढें अमेरिकेंतील असंख्य घरांच्या न्हाणीघरांत कॅननचा टॉवेल दिसूं लागला. कामगारांचीं घरें गिरणीचीं, पेठेंतल्या इमारती गिरणीच्या; एवढ्या मोठ्या वस्तीला १९८४ पर्यंत स्वतःची नगरपालिकाहि नव्हती. लालबाग-परळच्या चाळींतून भोंग्याबरोबर उठलेल्या आमच्या कामगारांस हें चित्र परकें वाटलें नसतें. फरक इतकाच, कीं गिरणगांवाबाहेर मुंबई तरी होती. कनॅपोलिसमध्यें गिरणीबाहेर जवळजवळ कांहींच नव्हतें.

गिरणींत काम करणाऱ्याच्या केंसांत आणि भुंवयांत कापसाचे तंतु अडकून राहत. त्यावरून शहरांतील प्रतिष्ठित लोक त्यांस 'लिंटहेड', म्हणजे 'कापूसडोके', असें हिणवीत. हा उपहास एक वेळ सोसतां आला असता. परंतु जे तंतु केंसांत अडकत तेच श्वासाबरोबर आंत जात, आणि वर्षानुवर्षांच्या कामानंतर फुप्फुसें निकामी करून सोडीत. वैद्यकांत या रोगास 'बिसिनोसिस' असें नांव आहे.

अशा या गांवीं २३ फेब्रुवारी १९२८ रोजीं राल्फचा जन्म झाला, आणि वयांत आल्यावर तोहि गिरणींत कामाला लागला. मार्था कोलमन या तरुणीशीं त्याचा विवाह झाला. दोन मुली व तीन मुलगे अशीं पांच अपत्यें यथाकाल त्यांच्या पोटीं आलीं. १९४९ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं शार्लटची ती पहिली शर्यत झाली त्याच वर्षीं, राल्फनें शर्यतींत पाऊल टाकलें. आणि १९५३ च्या सुमारास गिरणीस रामराम ठोकून त्यानें याच धंद्यावर संसार चालविण्याचें ठरविलें.

येथें सुज्ञ वाचक एक रास्त आक्षेप घेतील. बायकामुलांचा भार शिरावर असतां बांधलेली मजुरी सोडून, जेथें दर फेरीला हाडें मोडण्याचा संभव अशा धंद्यांत ज्यानें उडी घेतली, त्यास प्रपंचदक्ष म्हणावयाचें तें कोणत्या तोंडानें? आक्षेप खोटा नाहीं. त्या काळच्या गाड्यांत चालकाच्या रक्षणाचीं साधनें अगदीं तुटपुंजीं होतीं, आणि शर्यतवाल्याच्या घरीं शनिवारची रात्र कशी जात असेल याची कल्पना कोणत्याहि गृहिणीस सहज करतां येईल. परंतु तराजूचीं दोन्ही पारडीं पाहिलीं पाहिजेत. गिरणीची नोकरी निर्धोक होती असें आपण गृहीत धरतों, तेंच मुळीं खरें नाहीं. तेथला धोका रोज थोडा थोडा, श्वासागणिक, शरीरांत मुरत होता. रिंगणांतला धोका एकदम समोर येऊन उभा राहणारा होता. शिवाय गिरणींत माणूस कितीहि कुशल झाला तरी घर मालकाचें, गांव मालकाचें. आणि उद्यां मुलगा हाताशीं आला कीं त्यालाहि त्याच दरवाजांतून आंत जावयाचें. रिंगणांत राल्फच्या हातांतील कसबाचें मोल त्याच्याच हातीं पडत होतें. त्यानें घर पणाला लावलें असें दिसतें खरें; पण घरासाठीं दुसरें पणाला लावण्याजोगें त्याच्याजवळ काय होतें, हाहि प्रश्न विचारला पाहिजे.

आणि खरें सांगावयाचें तर त्याच्या प्रपंचदक्षतेची साक्ष त्याच्या निर्णयापेक्षां त्याच्या गाडी हांकण्याच्या रीतींत अधिक सांपडते. शर्यत सुरू झाली कीं तरुण चालक पहिल्याच फेरीपासून जिवावर उदार होऊन पुढें घुसत. प्रेक्षकांस तेंच आवडे. राल्फ मात्र पुढच्या दोनचार गाड्यांच्या मागें शांतपणें राहत असे. टायर झिजूं द्यावयाचे नाहींत, यंत्र तापूं द्यावयाचें नाहीं, दुसऱ्यांच्या टकरींत सांपडावयाचें नाहीं. पुढचे लोक परस्परांशीं झगडून थकले, त्यांचे टायर घसरूं लागले, कीं अखेरच्या थोड्या फेऱ्यांत पुढें येऊन शर्यत जिंकावयाची, असा त्याचा क्रम. बक्षीस पहिल्या फेरीला मिळत नसतें, ही साधी गोष्ट तो कधीं विसरला नाहीं. शर्यतीचें बक्षीस म्हणजे त्याच्या घरचें धान्य. गाडी मोडली तर तिच्या दुरुस्तीचा खर्च त्या धान्यांतूनच वजा व्हावयाचा. महिन्याच्या पहिल्या तारखेस आलेला पगार शेवटच्या तारखेपर्यंत पुरविणाऱ्या गृहिणीची जी नजर, तीच नजर या माणसानें रिंगणांत नेली होती.

कॅरोलिनांतील हीं रिंगणें तांबड्या चिकण मातीचीं. शर्यतीपूर्वीं त्यांवर पाणी मारीत. रात्र चढत जाई तशी माती वाळे, वरचा थर उडून जाई, आणि पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत होई. पहिल्या फेरीला ज्या ओळीनें गाडी घट्ट धरून वळे, तीच ओळ विसाव्या फेरीला दगा देई. वळणावर गाडीची शेपटी बाहेर घसरत असतांना पुढचीं चाकें उलट दिशेला धरून तोल राखणें, आणि मातीचा स्वभाव फेरीगणिक ओळखीत जाणें, हें त्या खेळांतील खरें शास्त्र. राल्फ मितभाषी होता. पण माती त्याच्याशीं बोलत असावी असें त्याचे प्रतिस्पर्धी मानीत.

त्याच्या कसबाचें एक उदाहरण देण्यासारखें आहे. रिंगणांत गाड्या नेहमीं डावीकडेच वळतात; म्हणून बाहेरच्या, म्हणजे उजव्या, चाकाला डाव्यापेक्षां अधिक अंतर कापावें लागतें. शर्यतीच्या गाडीचीं मागचीं दोन्ही चाकें एकाच कण्याला जखडलेलीं असल्यानें तीं बरोबरच फिरतात. मग वळणावर एका चाकाला फरफटावें लागतें, टायर झिजतो, आणि गाडी वळावयाच्या ऐवजीं सरळ जाऊं पाहते. यावर तोड अशी, कीं मागच्या उजव्या बाजूस किंचित मोठ्या घेराचा टायर बसवावयाचा. वाचकांनीं घरांतील फुलपात्र आडवें करून जमिनीवर ढकलून पाहावें. रुंद तोंडाची बाजू बाहेर राहून तें आपण होऊन गोल फिरतें. गाडीचेंहि तसेंच होतें. या युक्तीस 'स्टॅगर' म्हणतात, आणि स्टॉक कारच्या रिंगणांत ती प्रथम योजल्याचें श्रेय राल्फला देण्यांत येतें. तींत नवें यंत्र नाहीं, मोठा खर्च नाहीं. दोन टायरांच्या घेरांतला फरक ओळखून तो उपयोगांत आणण्याची काटकसरी बुद्धि तेवढी आहे.

या रीतीचें फळ त्यास मिळालें. हिकरी येथील रिंगणाचें अजिंक्यपद त्यानें १९५३ ते १९५९ या अवधींत पांच वेळां पटकावलें. कॉन्कॉर्ड, कोलंबिया, ग्रीनव्हिल-पिकेन्स या रिंगणांतहि त्याची ८ अंकाची गाडी आली कीं इतरांच्या मनांत दुसऱ्या बक्षिसाचा विचार सुरू होई. नेड जॅरेट, जो पुढें १९६१ व १९६५ सालीं वरिष्ठ वर्गाचा अजिंक्यवीर झाला, तो याच रिंगणांत वाढला. आणि आपल्या प्रतिस्पर्ध्यांत राल्फ हा सर्वांत चिवट, अशी ग्वाही त्यानें पुढें दिली. १९५६ सालीं स्पोर्ट्समन वर्गाचें राष्ट्रीय अजिंक्यपद राल्फला मिळालें. त्याच वर्षीं नोव्हेंबर महिन्यांत हिकरी येथें तो वरिष्ठ वर्गाच्या शर्यतींत प्रथमच उतरला, तेव्हां सर्वांत पुढच्या जागेवरून निघून तो दुसरा आला.

ही सुरुवात पाहून कोणीहि म्हटलें असतें कीं आतां या माणसाचें पाऊल देशाच्या मोठ्या रिंगणांकडे वळणार. १९६४ पर्यंत तो मधून मधून त्या वर्गांत भाग घेत राहिलाहि. १९६१ सालीं वर्षाच्या गुणानुक्रमांत त्याचा क्रमांक १७ वा होता. पण त्या वर्गाचें चक्र देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत फिरे. तेथें निभाव लागावयाचा तर नवीन गाडी हवी, कोणा धनिकाचा अथवा कारखान्याचा आश्रय हवा, आणि आठवडेच्या आठवडे घराबाहेर राहण्याची तयारी हवी. उलट स्थानिक रिंगणांत गाडी आपली, हत्यारें आपलीं, आणि शनिवारीं रात्रीं जिंकलेली रक्कम रविवारीं सकाळीं घरांत. राल्फनें हा दुसरा मार्ग धरला. आमच्या मतें त्याच्या चरित्रांतला हाच खरा निर्णायक क्षण. मात्र इतिहासाच्या कोष्टकांत त्याचा निर्देश 'विजय नाहीं' एवढ्याच शब्दांनीं होतो.

कनॅपोलिसच्या एका भागांत रस्त्यांस मोटारींच्या प्रकारांवरून नांवें दिलेलीं आहेत. त्यांतील 'सेडॅन' आणि 'कोच' या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर या कुटुंबाचें घर होतें, आणि घरामागें राल्फचें गॅरेज. त्याची कचेरी, कारखाना आणि तालीमखाना सर्व तेंच. मुलें शाळेंतून आलीं कीं बाप कोठें आहे हें विचारण्याची गरज नसे. थोरला मुलगा डेल याचा जन्म २९ एप्रिल १९५१ चा; म्हणजे बापाचें वेड आणि मुलाचें बालपण बरोबरच वाढलें. गॅरेज झाडणें, हत्यारें हातीं देणें, आणि बाप बोलत नसे म्हणून नुसतें पाहत राहणें, हेंच त्या मुलाचें खरें विद्यालय झालें. शाळेंतलें विद्यालय त्यानें माध्यमिक शिक्षण अर्धवट टाकून सोडलें.

ही गोष्ट बापाच्या मनास फार लागली. ज्या माणसानें गिरणी सोडून रिंगण धरलें, त्यास मुलानें शाळा सोडून रिंगण धरलेलें रुचूं नये, यांत विसंगति दिसेल. पण ती वरवरची आहे. राल्फच्या मार्गाचा हेतूच मुळीं मुलांना मार्गांची निवड करतां यावी हा असेल, तर मुलानें निवडीपूर्वींच दारें लावून घेतलेलीं त्यास कशीं रुचावींत? मोठेपणीं, सर्व यश पदरीं पडल्यावर, वडिलांचें मन मोडून शाळा सोडली याची खंत डेलनें उघडपणें बोलून दाखविली आहे.

बापलेकांच्या संबंधांतली एक आठवण डेल पुढें आवडीनें सांगत असे. शार्लटजवळच्या मेट्रोलिना रिंगणांत एकदां निरनिराळ्या वर्गांच्या गाड्या एकाच शर्यतींत सोडल्या होत्या, आणि त्यामुळें बापलेक एका वेळीं रिंगणांत आले. डेलची गाडी एका प्रतिस्पर्ध्याच्या मागें अडकली होती. बाप मागून आला, आपल्या गाडीचें नाक त्यानें मुलाच्या गाडीला मागून टेकविलें, आणि मुलास त्या प्रतिस्पर्ध्यापुढें ढकलून दिलें. शब्दांनीं जें त्यास सांगतां येत नव्हतें तें त्यानें गाडीनें सांगितलें. त्यानंतर हा योग फार दिवस टिकावयाचा नव्हता. १९७३ च्या सप्टेंबरांत राल्फ वारला. इतकीं वर्षें ज्याला रिंगणानें सुखरूप घरीं पाठविलें, त्याच्या हृदयानेंच त्यास दगा दिला. डेल तेव्हां २२ वर्षांचा होता.

यापुढची कथा जगप्रसिद्ध आहे. डेल अर्नहार्टनें वरिष्ठ वर्गाच्या ७६ शर्यती जिंकल्या, आणि १९८० ते १९९४ या काळांत सात वेळां त्या वर्गाचें अजिंक्यपद मिळविलें. बाप मागें थांबून संधीची वाट पाहणारा. मुलगा पुढच्या गाडीला धक्का देऊन वाट काढणारा, इतका कीं लोकांनीं त्यास 'इंटिमिडेटर', म्हणजे धाक घालणारा, असें नांव दिलें. परंतु या दोघांतला अधिक खोल भेद रिंगणाबाहेर होता. आरंभींच्या वर्षांत घरखर्चाला यावयाचा पैसा शर्यतीच्या गाडींत जात असे, आणि कुटुंबवत्सल माणसानें तसें करणें बरें नव्हे, हें डेलनें पुढें स्वतःच कबूल केलें आहे. त्याचे पहिले दोन विवाह टिकले नाहींत. म्हणजे वेड तेंच, रक्त तेंच, गॅरेजहि तेंच. बापानें वेडाला घराच्या उंबरठ्याआंत बांधून ठेवलें, मुलानें उंबरठा ओलांडला. आणि कीर्ति कोणाच्या गळ्यांत माळ घालती झाली, तें सर्वांस ठाऊक आहे.

या कीर्तीचा शेवटहि सर्वांस ठाऊक आहे. १८ फेब्रुवारी २००१ रोजीं डेटोना येथील ५०० मैलांच्या शर्यतीच्या अखेरच्या फेरींत डेलची गाडी भिंतीवर आदळली आणि तो मरण पावला. मार्थाबाई तेव्हां हयात होत्या. पतीच्या निधनानंतर २७ वर्षांनीं मुलाचें मरण त्या माउलीला पाहावें लागलें; पुढें २०२१ सालीं त्या निवर्तल्या. डेलच्या मृत्यूनंतर त्याच वर्षीं चालकाचें डोकें व मान जखडून ठेवणारें साधन सक्तीचें झालें, आणि २००२ पासून मोठ्या रिंगणांच्या भिंतींस आघात शोषणारे कठडे बसविण्यास आरंभ झाला. त्यानंतरच्या वीस वर्षांत त्या वर्गाच्या शर्यतींत एकहि चालक दगावला नाहीं. हा लाभ मोठा आहे. पण कोणत्या घरानें त्याची किंमत मोजली हें विसरतां येत नाहीं.

आतां एक अवघड प्रश्न उरतो, आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. मुलगा एवढा मोठा झाला नसता तर बापाचें नांव आज कोणी घेतलें असतें काय? राल्फच्या मृत्यूनंतर कांहीं वर्षें तरी त्याची आठवण कॅरोलिनांतल्या लहान रिंगणांपुरतीच राहिली. १९९७ सालीं आंतरराष्ट्रीय मोटार-क्रीडा कीर्तिमंदिरांत त्याचा समावेश झाला, तो डेलनें आपलीं सातहि अजिंक्यपदें मिळविल्यानंतर. नातू डेल धाकटा यानें वरिष्ठ वर्गांत उतरतांना आजोबांचा ८ हा अंक गाडीवर घेतला, आणि २००४ सालीं त्याच अंकाच्या गाडीनें डेटोनाची तीच शर्यत जिंकली. त्यामुळेंहि आजोबांचें नांव पुन्हां लोकांच्या तोंडीं आलें. म्हणजे मर्यादेंत राहिलेल्या माणसाची स्मृति मर्यादा ओलांडणाऱ्यांच्या प्रकाशांत जगत आहे. यांत अन्याय आहे असें आम्हांस वाटतें. परंतु इतिहासाचा दिवा बहुधा असाच तिरपा पडतो, हेंहि खरें.

ज्या गिरणीपासून राल्फनें सुटका करून घेतली, तिचें काय झालें? मालक बदलत गेले, परदेशी मालाची स्पर्धा वाढत गेली, आणि ३० जुलै २००३ रोजीं गिरणी कायमची बंद पडली. उत्तर कॅरोलिनांत एकाच दिवशीं चार हजारांहून अधिक कामगार बेकार झाले. त्या संस्थानाच्या इतिहासांत एका दिवसांत एवढें काम कधींच गेलें नव्हतें. पुढें त्या प्रचंड इमारती जमीनदोस्त करून तेथें संशोधनसंस्था उभारण्यांत आली. गांवांत २००२ सालीं बसविलेला डेलचा पुतळा आहे. बांधलेली मजुरी सोडली म्हणून राल्फला दोष देणाऱ्यांनीं हा शेवट ध्यानांत घ्यावा. जी सुरक्षितता त्यानें लाथाडली असें वाटतें, ती कोणाच्याच मुलाबाळांस पुरली नाहीं.

मोठ्या विजयांचा इतिहास लिहिणें सोपें असतें. त्याचीं कोष्टकें आधींच तयार असतात. जो माणूस आपलें वेड खरेंखुरें जगला आणि तरीहि घरच्या माणसांस त्याची झळ होतां होईतों लागूं दिली नाहीं, त्याचें कोष्टक कोणी मांडीत नाहीं. असे गृहस्थ प्रत्येक देशांत, प्रत्येक गांवीं होऊन गेले आहेत. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरींहि ते होऊन गेले असतील. राल्फ अर्नहार्टच्या नांवापुढें वरिष्ठ वर्गाच्या रकान्यांत शून्य आहे, आणि तें खोडण्याचें कारण नाहीं. मात्र त्या शून्याशेजारीं आणखी एक रकाना असता, आणि शनिवारीं रात्रीं गाडी घेऊन निघालेला हा माणूस रविवारीं सकाळीं किती वेळां घरीं परतला याची नोंद त्यांत झाली असती, तर त्या रकान्यांत त्याच्या वर नांव लागेल असे फार थोडे निघाले असते.